तारा मुलाच्या दातांना, चिकाटी घराची

आमच्या लहानपणी या भागात दात वाकडे असणे हा काही आजार मानला जात नसे. कोणाचे दात पुढे आले, कोणाचे एकावर एक चढले, तर ‘देवाने दिले ते खरे’ म्हणून माणसे गप्प बसत. मुलगी असली तर लग्नाच्या वेळी थोडी कुजबूज होई, मुलगा असला तर तीही नाही. आज चित्र पालटले आहे. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, कोठेही हायस्कूल सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहावे; हसत बाहेर पडणाऱ्या मुलांत दोन-चार तोंडांत तरी तारा चमकताना दिसतात.

ही गोष्ट चांगलीच आहे. पण आज आम्हांला लिहायचे आहे ते तारा बसविण्याविषयी कमी आणि बसविल्यानंतरच्या दोन वर्षांविषयी अधिक. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या घराला दोन वर्षे नेमाने तारखा पाळता येणार नाहीत आणि मुलाच्या ब्रशकडे रोज लक्ष देता येणार नाही, त्या घराने तूर्त तारा बसवू नयेत. अर्धवट सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट ठरू शकतो. हे आम्ही कोणाकडून ऐकून सांगत नाही, आमच्याच घरात घडले आहे.

घरचा अनुभव

आमच्या थोरल्या भावाच्या मुलाला तेराव्या वर्षी तारा बसविल्या. वरचे दात पुढे होते, म्हणून दोन दाढा काढून जागा केली होती. पहिला हप्ता भरला, घरात सगळे खूश. पाच-सहा महिने त्याचे वडील त्याला नेमाने घेऊन गेले. मग उसाला तोड आली. टोळी दारात, ट्रॉली बांधावर, अशा वेळी दातांसाठी दिवस कोण मोडणार? ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हटले. पुढच्या महिन्यात तंबाखूची कापणी लागली. त्यानंतर पोराची परीक्षा आली. बघता बघता पाच महिने त्याच्या तोंडात कोणी डोकावलेसुद्धा नाही.

पोरगे शेतातून येता-जाता ऊस मोडून दाताने सोलून खात होते. दोन बटणे निसटली, तारेचे टोक गालात रुतू लागले. मोठ्यांचा ओरडा बसेल म्हणून त्याने हे कोणाला सांगितले नाही. गाल सुजला तेव्हा कोठे घर जागे झाले. शेवटी तारा काढाव्या लागल्या, तेव्हा पुढच्या चार दातांवर बटणांच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग उमटलेले होते आणि एका दाढेला कीड लागली होती. दाढा काढून केलेली जागाही पुरती बुजली नव्हती. ते डाग आजही त्याच्या दातांवर आहेत.

यात डॉक्टरांचा दोष नव्हता. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळे सांगितले होते. पोराचाही फारसा नव्हता. दोष आम्हा मोठ्या माणसांचा. पैसे भरले म्हणजे काम झाले, अशी आमची समजूत होती. विहिरीवर मोटर बसविली म्हणजे पीक आले असे आपण कधी समजत नाही. मग दातांच्या बाबतीत तसे का समजलो, याचे उत्तर आमच्याजवळ नाही.

दात सरकतो कसा

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचे एक अस्तर असते. तारेने दातावर हलका आणि सतत दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. असा दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणूनच दीड-दोन वर्षे लागतात, काहींना त्याहून अधिक. ‘जरा जोराने आवळा, लवकर संपवा’ असे डॉक्टरांना सांगणारे पालक असतात. जोर वाढविला तर दात लवकर येत नाही, उलट मुळाला इजा होते. कलम काठीला बांधताना आपण दोरी सैल ठेवतो, ती याच कारणाने.

या विद्येचा पाया अमेरिकेतील एडवर्ड अँगल या दंतवैद्याने घातला. वाकड्या दातांची त्याने १८९९ साली केलेली वर्गवारी डॉक्टर अजून वापरतात. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे चढवावे लागे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या संशोधकाने दाखवून दिले, की दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत केला तर त्याला वस्तू चिकटवून ठेवता येते. त्यातूनच पुढे दातावर चिकटणारी लहान बटणे आली. त्यांना डॉक्टर ब्रॅकेट म्हणतात. हे आवर्जून सांगतो, कारण बटण दाताला नुसते चिकटविलेले असते, ठोकलेले नसते. उपचार संपल्यावर ते काढता यावे म्हणूनच तसे केलेले असते. तेव्हा उसाच्या कांडीपुढे ते टिकेल अशी अपेक्षा करू नये.

कोठे जावे, केव्हा जावे

आपल्या देशात १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. तेव्हापासून नोंदणी असल्याशिवाय कोणाला दातांचा उपचार करता येत नाही. बी.डी.एस. ही पहिली पदवी. तिच्यानंतर आणखी तीन वर्षे दात सरळ करण्याच्या शास्त्राचा अभ्यास करून एम.डी.एस. होतात, त्यांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. तारेच्या कामासाठी अशाच माणसाकडे जावे. बाजारच्या दिवशी खुर्ची टाकून बसणाऱ्याकडे किंवा ‘सहा महिन्यांत करून देतो’ म्हणणाऱ्याकडे मूल नेऊ नये. घरच्या घरी दातांना रबर गुंडाळण्याचा प्रकार तर फारच घातक. ते रबर हिरडीत सरकत जाऊन चांगला दात गमावण्याची पाळी येते.

आपल्या भागाचे नशीब असे, की फार दूर जावे लागत नाही. बेळगावात के.एल.ई. संस्थेचे दंत महाविद्यालय १९८५ पासून आहे, मराठा मंडळाचेही दंत महाविद्यालय आहे. निपाणीच्या बाजूच्या लोकांना सांगलीची महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च बहुधा कमी येतो. काम पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. मात्र त्यांचे शिक्षण तीन वर्षांचे असते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, की हे डॉक्टर शिकून गेल्यावर आमचा मुलगा कोणाकडे सोपविला जाईल? असे विचारणे उद्धटपणाचे नाही. एकूण खर्च किती, हप्ते कसे, तुटलेले बटण बसविण्याचे वेगळे पडतात का, तारा काढल्यानंतरच्या पट्टीचे पैसे यात धरले आहेत का, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर लाजू नये. वाचून घ्यावा, मगच सही करावी.

वयाचे म्हणाल, तर सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून ठेवावे. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, बारा-तेरापर्यंत बहुतेक कायमचे दात येऊन जातात. तारा साधारण अकरा ते चौदा या वयात बसवितात, कारण जबडा वाढीला लागलेला असतो. मोठेपणीही बसविता येतात, पण हिरड्या निरोगी हव्यात. दुधाच्या दातांना ‘पडायचेच आहेत’ म्हणून किडू देऊ नये. दुधाची दाढ अकाली काढावी लागली, की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडते. अंगठा चोखण्याची सवय चार-पाच वर्षांनंतरही राहिली, किंवा मूल सतत तोंडाने श्वास घेत असले, तरी दात पुढे येतात. अशा मुलाचे नाक व घसाही तपासून घ्यावे.

तारा बसविण्यापूर्वी किडलेले दात भरून घ्यावे लागतात, हिरड्या साफ कराव्या लागतात. मुलाला हृदयाचा आजार असेल, फिट येत असतील, कोणत्या औषधाची किंवा धातूची अ‍ॅलर्जी असेल, तर ते आधी सांगावे.

रोजची निगा

तारा बसल्या की पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, चावता येत नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. गुरगुट्या भात, ताक घालून आंबील, खिचडी, दुधात कुस्करलेली मऊ भाकरी द्यावी. गाल किंवा ओठ सोलवटला तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात आणि दवाखान्यातून मिळणारे मेण टोचणाऱ्या बटणावर लावावे. दुखणे फारच असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी द्यावी.

खरे काम आहे ते स्वच्छतेचे. बटणाच्या भोवती अन्न अडकते. त्यावर जंतू वाढतात, ते गोडाचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दातावरचे कवच विरघळू लागते. पांढरा डाग म्हणजे याच झिजेची पहिली खूण. निष्काळजीपणा झाला तर असा डाग काही आठवड्यांतसुद्धा दिसू लागतो, आणि तो पुरता जाईलच असे नाही.

म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रश. सकाळी, शाळेतून आल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. रात्रीचा कधीही चुकवू नये. ब्रश मऊ केसांचा, पेस्ट फ्लोराईड असलेली. आधी ब्रश हिरडीच्या बाजूने तिरका धरून बटणाच्या वर, मग खालून तिरका धरून बटणाच्या खाली, मग चावण्याच्या बाजूवर आणि आतून. घाई करू नये, दोन-तीन मिनिटे द्यावीत. तारेच्या खालून घालण्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा पण अगदी बारीक ब्रश मिळतो, तो घ्यावाच. शाळेत ब्रश करणे जमत नसेल तर डबा खाल्ल्यावर नळावर जाऊन खळखळून चुळा तरी भराव्यात. हिरडीतून रक्त आले म्हणून ब्रश थांबवू नये. रक्त येणे ही बहुधा तेथे मळ साचल्याची खूण असते.

राख, कोळसा, विटेचा भुगा यांनी तारा असलेले दात घासू नयेत. कडुनिंबाची काडी तारेखाली पोहोचत नाही, तिच्या नेटाने बटण मात्र निघते. आणि मशेरी! या बाबतीत आपल्या भागाला आरशात पाहणे भाग आहे. आपण तंबाखू पिकवितो, आणि आपल्याच घरांतून आजी आणि आई सकाळी मशेरी लावून ओट्यावर बसतात. ज्या कोनाड्यात नातवाचा ब्रश, त्याच कोनाड्यात मशेरीची डबी. मूल सांगितलेले करीत नाही, पाहिलेले करते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता कोणाला नव्याने सांगायला नको. मुलाच्या दातांवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या घराने ती डबी आधी उकिरड्यावर टाकावी, असे आमचे मत आहे. कोणाला ते कडू लागले तरी चालेल.

काय खावे, काय टाळावे

ऊस दाताने सोलणे पूर्ण बंद. त्याबरोबर भाजलेल्या शेंगा, फुटाणे, चिक्की, कणीस दाताने ओरपणे, कच्चा पेरू, बर्फ, मटणाचे हाड चोखणे, शिळी कडक भाकरी, हे सारे तारा असेपर्यंत बाजूला ठेवावे. गोकाकचे करदंट कोणी आणले तर पाहुण्यांना द्यावे. डिंक आणि सुकामेवा यांचा तो चिवट गोळा बटणाचा वैरी आहे. बेळगावचा कुंदा मऊ असतो, म्हणून तो एकदा चालेल, पण खाल्ल्यावर लगेच चूळ भरावी. पेरू, सफरचंद, गाजर खायचेच असेल तर बारीक फोडी करून मागच्या दाढांनी चावावे. उसाचा रस, काकवी, थंड पेये यांनी बटण मोडत नाही, पण दात किडतो. दिवसभर थोडेथोडे घेण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदा घेतलेले बरे. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत घरोघरी फराळ पुढे येतो. तेव्हा पोराला ‘घे रे, एकाने काय होते’ म्हणून आग्रह करणाऱ्या पाहुण्यांनीही थोडा विचार करावा.

बटण निघाले तर ओढू नये. तारेत लोंबकळत असेल तर तसेच राहू द्यावे, सुटून आले तर डबीत ठेवून डॉक्टरांना फोन करावा. तारेचे टोक टोचत असेल तर त्यावर मेण लावावे. बटण चुकून गिळले तर बहुधा शौचावाटे निघून जाते. पण खोकला थांबेना किंवा श्वास लागू लागला तर लगेच मोठे इस्पितळ गाठावे. डॉक्टरांनी लहान रबरे दिली असतील तर ती जेवण आणि ब्रश सोडून सांगितल्याप्रमाणे दिवसरात्र लावावीत व रोज बदलावीत. आठवडाभर लावली नाहीत आणि तपासणीच्या आदल्या दिवशी लावली, तर दात काही फसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने मोडतोड सांगितली तर त्याला मारू नये, ओरडू नये. आमच्या घरात ते पोर घाबरून गप्प राहिले, आणि त्याची किंमत त्याच्याच दातांनी मोजली.

तारखा आणि हंगाम

तंबाखूवाल्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. शेंडा खुडला की काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. पानांच्या बगलेतून कोंब फुटत राहतात, ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर पान भरत नाही आणि खुडणी फुकट जाते. तारांचे तसेच आहे. बसविणे म्हणजे शेंडा खुडणे. दर चार-सहा आठवड्यांची तपासणी म्हणजे कोंब काढणे.

तेव्हा आमची सूचना अशी, की तारा बसवितानाच घरात बसून ठरवावे, की पोराला घेऊन कोण जाणार? वडीलच जातील असा हट्ट नको. हंगामात वडिलांचा दिवस मोडत नाही हे खरे आहे. आई जाऊ शकते, मोठी बहीण जाऊ शकते, आजोबा जाऊ शकतात. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना राज्याच्या हद्दीत सरकारी साध्या बसचे तिकीट पडत नाही. निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. आई किंवा मावशी ओळखपत्र घेऊन मुलीबरोबर गेली तर जाण्यायेण्याचा खर्च उरतच नाही. एकाच गावातील तीन-चार मुले एकाच ठिकाणी जात असतील तर सर्वांची तारीख एक मागून घ्यावी आणि आळीपाळीने एकेका घराने मुलांना न्यावे. दूध डेअरीला घालताना आपण हे करतोच. घरच्या कॅलेंडरवर खताची, पाण्याची, कारखान्याच्या तोडीची नोंद असते. तेथेच दातांची तारीखही लिहावी.

तारा निघाल्यावर

तारा निघाल्या त्या दिवशी पेढे वाटतात आणि उपचार विसरतात. हीही मोठी चूक आहे. नव्या जागी आलेल्या दाताभोवतीचे हाड आणि तंतू अजून पक्के झालेले नसतात, दात जुन्या जागी परत जाऊ पाहतो. त्यासाठी डॉक्टर एक पट्टी देतात, तिला रिटेनर म्हणतात. सांगतील तितके महिने ती दिवसरात्र लावावी. पुढे रात्रीची तर कित्येक वर्षे लावावी लागते. ती उकळत्या पाण्याने धुऊ नये, वाकडी होते. जेवताना काढून कागदात गुंडाळून ठेवली तर कचऱ्यात जाते आणि ओट्यावर ठेवली तर कुत्रे पळविते. डबीतच ठेवावी.

शेवटचे दोन शब्द

मुलीला स्थळ येऊ लागल्यावर ‘लग्नाच्या आत दात सरळ करून द्या’ म्हणून धावपळ करणारे आईबाप आम्ही पाहतो. लग्न चार महिन्यांवर आणि काम दोन वर्षांचे. त्या मुलीच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार कोणी करीत नाही. मुलीचे दात बाजारात मांडायच्या मालासारखे पाहू नयेत. चावता यावे, स्पष्ट बोलता यावे, पुढे आलेले दात पडल्या-झडल्यात तुटू नयेत, आणि तोंडावर हात न धरता तिला हसता यावे, ही कारणे पुरेशी आहेत. ती मुलालाही तितकीच लागू आहेत.

आणि ज्यांची ऐपत नाही, किंवा ज्यांच्या घरी दोन वर्षे लक्ष देणारे कोणी नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. वाकडे पण स्वच्छ दात माणसाला म्हातारपणापर्यंत साथ देतात. सरळ केलेले पण किडलेले दात देत नाहीत. पाच-पन्नास रुपयांचा ब्रश आणि पेस्ट प्रत्येक घराला परवडते. तेथून सुरुवात करावी. ज्या मुलाने एक वर्ष न चुकता रात्री ब्रश केला, त्याला पुढच्या वर्षी खुशाल तारा बसवाव्यात. तो त्या सांभाळील. ज्याने केला नाही, त्याला आधी ब्रश द्यावा आणि रात्री त्याच्याशेजारी उभे राहून आपणही आपले दात घासावेत.